बडोद्याचे ऋण आणि बडोद्याची उणीव

राजघराण्यांचा इतिहास आपल्याकडे बहुधा दोन तऱ्हांनी सांगितला जातो. एका तऱ्हेत तलवारी, तोफा, वंशावळी आणि जयजयकार असतो. त्या घराण्याशी ज्यांचे नाते जुळते त्यांची मान उंचावते आणि बाकीचे श्रोते नुसते ऐकून घेतात. दुसऱ्या तऱ्हेत राजेशाही म्हणजे जुलूम एवढे एक वाक्य उच्चारून सगळा इतिहास मोडीत काढला जातो. निवासी शाळेच्या स्मरणिकेत राजघराण्याविषयी लिहावयाचे तर या दोन्ही तऱ्हा निरुपयोगी ठरतात. ज्या संस्थेत खेड्यापाड्यांतली मुले घर सोडून शिकावयास येतात, तिने कोणत्याही सत्तेला दोनच प्रश्न विचारावेत. तिने कोणाला शिकविले? आणि शिकणाऱ्याच्या डोक्यावर छप्पर दिले काय? या दोन प्रश्नांच्या कसोटीवर बडोद्याच्या गायकवाड घराण्याचा इतिहास तपासून पाहावा, असा या लेखाचा हेतू आहे. हे घराणे निवडण्याचे कारण उघड आहे. आपल्या समाजाच्या घडणीत या घराण्याचे ऋण मोठे आहे आणि त्याच घराण्याच्या राजधानीत आपल्याला एक जखमही मिळाली आहे. ऋण विसरणे कृतघ्नपणाचे होईल आणि जखम विसरणे आत्मघाताचे.

गायकवाड मूळचे पुणे प्रांतातल्या दावडीचे. सेनापती दाभाडे यांच्या पदरी राहून या घराण्याने गुजरातेत पाय रोवले. दमाजी गायकवाडांनी १७२० च्या बाळापूरच्या लढाईत नाव मिळविले आणि त्यांच्यामागून पुतणे पिलाजीराव पुढे आले. सोनगड हे त्यांचे पहिले ठाणे. १७३२ मध्ये डाकोर येथे पिलाजीरावांचा घात झाला, पण दोनच वर्षांत बडोदे गायकवाडांच्या ताब्यात आले ते कायमचे. पिलाजीरावांचे पुत्र दुसरे दमाजीराव हे घराण्याचे खरे संस्थापक म्हणावे लागतील. पानिपतच्या रणातून परतलेल्या सरदारांपैकी ते एक होते. १७६८ मध्ये त्यांचे निधन झाल्यावर मात्र भाऊबंदकीने घर पोखरले. गादीसाठी भाऊ भावाविरुद्ध पुण्याच्या दरबारात नजराणे घेऊन उभा राहिला. पुढे अरब पलटणींच्या पगाराची थकबाकी, सावकारांचे कर्ज आणि वारसांचे तंटे यांच्या आधाराने १८०२ च्या सुमारास इंग्रज कंपनीच्या फौजा बडोद्यात शिरल्या. १८१५ मध्ये गायकवाडांचे वकील गंगाधरशास्त्री पटवर्धन यांचा पंढरपुरात खून झाला आणि त्या प्रकरणाने पेशवाईच्या शेवटाला वेग आला.

एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास या दरबाराची श्रीमंती डोळे दिपविणारी होती. खंडेराव महाराजांनी मोत्यांचा आणि रत्नांचा गालिचा विणवून घेतला. मल्हाररावांच्या काळात सोन्याच्या तोफा घडविल्या गेल्या. इंग्रज रेसिडेंट कर्नल फेअर यांच्यावर विषप्रयोग केल्याचा आळ मल्हाररावांवर आला. चौकशी मंडळातले हिंदी आणि इंग्रज सभासद एकमताला आले नाहीत, तरीही १८७५ मध्ये त्यांना पदच्युत करून मद्रासेस पाठविण्यात आले. सोन्याच्या तोफांनी त्यांची गादी राखली नाही. तो मोत्यांचा गालिचा २००९ मध्ये परदेशातील लिलावात विकला गेला. ज्या रयतेच्या घामातून तो विणला गेला तिच्या वंशजांना त्याचे छायाचित्र तेवढे पाहावयास मिळते. वैभवाचा वारसा असा असतो. तो डोळ्यांनी पाहावा लागतो, हाती काही लागत नाही.

याच घराण्याचा दुसरा वारसा १८७५ पासून सुरू होतो. खंडेरावांच्या विधवा राणी जमनाबाई यांना दत्तक घेण्याची परवानगी मिळाली आणि घराण्याच्या दूरच्या शाखेतील मुलांचा शोध झाला. नाशिक जिल्ह्यातील मालेगावजवळच्या कवळाणे या गावी काशीराव गायकवाड नावाचे शेतकरी राहत होते. त्यांचा बारा वर्षांचा मुलगा गोपाळराव २७ मे १८७५ रोजी बडोद्याच्या गादीवर दत्तक गेला. या मुलाला तोपर्यंत अक्षरओळख नव्हती. शेतात आणि गुरांमागे त्याचे बालपण गेले होते. त्याच्यासाठी स्वतंत्र शाळा निघाली आणि इलियट या इंग्रज शिक्षकाची नेमणूक झाली. दिवाण सर टी. माधवराव यांनी राज्यकारभारावर त्याला व्याख्याने दिली. सहा वर्षांत तो मराठी, गुजराती, उर्दू आणि इंग्रजी शिकला आणि डिसेंबर १८८१ मध्ये सयाजीराव म्हणून कारभार हाती घेता झाला. पुढे १९३९ पर्यंत, म्हणजे गादीवर आल्यापासून सुमारे चौसष्ट वर्षे, त्यांनी राज्य केले.

या घटनेकडे आपण आपल्या नजरेने पाहावे. निरक्षर शेतकऱ्याचा मुलगा घरापासून दूर नेला जातो, त्याला राहावयास जागा, पोटभर अन्न, चांगले शिक्षक आणि ठराविक दिनक्रम मिळतो आणि अवघ्या सहा वर्षांत तो राज्य चालविण्यास लायक होतो. निवासी शिक्षणाची ताकद याहून स्पष्टपणे कोणत्या उदाहरणाने सिद्ध होईल? कवळाण्याला गोपाळरावाबरोबर खेळणारी इतर मुले होतीच. त्यांची बुद्धी कमी होती असे मानण्यास काही आधार नाही. त्यांना दत्तक घेणारी राणी भेटली नाही, एवढाच फरक. सयाजीरावांचे मोठेपण असे की ही गोष्ट ते विसरले नाहीत. ज्या संधीने आपल्याला घडविले ती जन्माच्या योगायोगावर अवलंबून राहू नये, या दिशेने त्यांनी राज्य वळविले.

१८९३ मध्ये अमरेली भागात सक्तीच्या आणि मोफत प्राथमिक शिक्षणाचा प्रयोग सुरू झाला. १९०६ मध्ये तो सबंध राज्याला लागू करण्यात आला. मुलांप्रमाणे मुलींनाही सक्ती होती आणि मुलाला शाळेत न पाठविणाऱ्या पालकाला दंड होत असे. ब्रिटिश हिंदुस्थानात असाच कायदा व्हावा म्हणून गोपाळ कृष्ण गोखले यांनी १९११ मध्ये कायदेमंडळात विधेयक मांडले, तेव्हा बडोद्याचे उदाहरण त्यांच्यासमोर होते. ते विधेयक फेटाळले गेले. इंग्रज सरकारला जे परवडत नव्हते ते एका संस्थानाने करून दाखविले होते. त्याच राज्यात बालविवाहास बंदी करणारा कायदा १९०४ मध्ये झाला. पौरोहित्य करणाऱ्याने परीक्षा उत्तीर्ण झाली पाहिजे असाही कायदा पुढे आला. महाराणी चिमणाबाई १९२७ मध्ये पुण्यास भरलेल्या अखिल भारतीय महिला परिषदेच्या पहिल्या अध्यक्षा झाल्या.

अस्पृश्यांसाठी शाळा तर सयाजीरावांनी कारभार हाती घेताच काढल्या. या शाळांना सवर्ण हिंदू शिक्षक मिळेनात. जागा रिकाम्या राहू नयेत म्हणून मुसलमान आणि आर्यसमाजी शिक्षक नेमावे लागले. इथे पहिल्यांदा एक गोष्ट दिसू लागते आणि ती या लेखाच्या मुळाशी आहे. राजाने शाळा उघडली, पगार ठरविला, फर्मान काढले. तरीही वर्गात पाऊल टाकणारा शिक्षक फर्मानाने मिळत नव्हता.

या घराण्याचे आपल्यावरचे सर्वांत मोठे ऋण मात्र शाळेपेक्षाही पुस्तकाच्या रूपाने आले आहे. सयाजीराव ग्रंथांचे भोक्ते होते. १९१० मध्ये त्यांनी अमेरिकेहून बॉर्डन या ग्रंथपालास बोलावून राज्यभर ग्रंथालयांचे जाळे विणले. बडोद्यातील मध्यवर्ती ग्रंथालयापासून थेट खेड्यापर्यंत पुस्तके जात. जिथे ग्रंथालय नव्हते तिथे लाकडी पेट्यांतून फिरती ग्रंथालये पोचत. मराठी आणि गुजरातीत ग्रंथमाला निघाल्या. बडोद्याच्या अशाच एका मालेसाठी कृष्णराव अर्जुन केळुसकर यांनी गौतम बुद्धाचे चरित्र लिहिले. ते १८९८ मध्ये प्रसिद्ध झाले. पुढे १९०७ मध्ये भीमराव आंबेडकर नावाचा मुलगा मॅट्रिक झाला तेव्हा त्याच्या अभिनंदनाच्या सभेत केळुसकर गुरुजींनी आपले हे पुस्तक त्याला भेट दिले. त्या वाचनाने आपण भारावून गेलो आणि बुद्धाकडे वळलो, असे बाबासाहेबांनी आपल्या अखेरच्या ग्रंथासाठी लिहिलेल्या प्रस्तावनेत नमूद केले आहे. पुस्तक कोणत्या मालेसाठी लिहिले गेले होते, तेही त्यांनी आवर्जून सांगितले. बाबासाहेबांच्या १९५६ च्या धम्मदीक्षेपर्यंतचा मार्ग मागे मागे शोधीत गेलो तर त्याच्या एका वळणावर बडोद्याच्या खजिन्यातून खर्च झालेले काही रुपये उभे आहेत.

धर्मानंद कोसंबी यांची गोष्टही अशीच. बुद्धाच्या शोधात श्रीलंका, ब्रह्मदेश आणि नेपाळ पालथे घालून आलेल्या या गोमंतकीय पंडिताला महाराष्ट्रात बसून काम करण्यासाठी आधार नव्हता. सयाजीरावांनी त्यांना दरमहा पन्नास रुपये देऊ केले. अट इतकीच की, त्यांनी महाराष्ट्रातील कोणत्याही शहरी राहावे आणि वर्षाकाठी एक पुस्तक बडोद्यासाठी लिहावे. कलकत्त्याची नोकरी सोडून कोसंबी आले आणि बडोद्यात त्यांनी बुद्ध, धर्म आणि संघ या विषयांवर व्याख्याने दिली. मराठीत बुद्धविचाराची जी पहिली भक्कम बैठक तयार झाली तिच्यात या पन्नास रुपयांचा वाटा आहे. ज्या भाषेत आज आपली मुले त्रिसरणाचा अर्थ समजून घेतात, त्या भाषेत तो आणणाऱ्यांना या दरबाराने पोसले होते, हे मोकळ्या मनाने सांगितले पाहिजे.

आता शिष्यवृत्तीकडे वळू. केळुसकर गुरुजींनीच भीमरावांना सयाजीरावांकडे नेले. महाविद्यालयीन शिक्षणासाठी दरमहा पंचवीस रुपये मिळू लागले. बी. ए. झाल्यावर १९१३ मध्ये भीमराव बडोद्याच्या नोकरीत दाखल झाले, पण थोड्याच दिवसांत, २ फेब्रुवारीस, त्यांचे वडील रामजी सुभेदार निवर्तले. त्याच वर्षी अमेरिकेतील शिक्षणासाठी त्यांना दरमहा साडेअकरा पौंडांची शिष्यवृत्ती तीन वर्षांसाठी मंजूर झाली. परत आल्यावर दहा वर्षे राज्याची नोकरी करावी असा करार ४ जून १९१३ रोजी झाला आणि जुलै महिन्यात ते न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात पोचले. खंडेरावांच्या गालिच्यातले एखादे मोती विकले असते तरी अशा कित्येक शिष्यवृत्त्या निघाल्या असत्या. घराण्याच्या इतिहासात कोणत्या खर्चाने नाव राखले, हे वाचकांनीच ठरवावे.

इथपर्यंत ऋण झाले. उणीव यापुढे आहे.

१९१७ च्या सप्टेंबरात करार पाळण्यासाठी बाबासाहेब बडोद्यास गेले. कोलंबियाचे पदवीधर, लंडनमध्ये अर्थशास्त्राचा अभ्यास अर्धवट टाकून आलेले, राज्याच्या सेवेत अधिकारी म्हणून रुजू होणारे ते विद्वान होते. त्यांना त्या शहरात राहावयास जागा मिळेना. शेवटी एका पारशी विश्रामगृहात पारशी नाव धारण करून त्यांनी आसरा घेतला. वरच्या मजल्यावरच्या ओसाड दालनात ते एकटेच राहत आणि पुस्तकांत मन रमवीत. अकराव्या दिवशी सकाळी लाठ्या घेतलेले दहाबारा पारशी जिना चढून आले आणि संध्याकाळपर्यंत जागा सोडण्यास त्यांनी फर्मावले. बाबासाहेबांनी एका हिंदू मित्राकडे विचारणा केली. तुम्ही आलात तर नोकर निघून जातील, असे तो म्हणाला. एका ख्रिस्ती मित्राने पत्नीशी बोलावे लागेल असे सांगून वेळ मारून नेली. सरकारी बंगल्यासाठी केलेला अर्ज या कचेरीतून त्या कचेरीत फिरत होता. रात्रीच्या मुंबईच्या गाडीला अवकाश होता. तेवढा वेळ त्यांनी कामाठी बागेत काढला. त्या आठवणीने पुढेही डोळ्यांत पाणी आल्याखेरीज राहत नाही, असे त्यांनी स्वतःच्या आठवणींत लिहून ठेवले आहे.

या प्रसंगाचा दोष एकट्या सयाजीरावांवर टाकणे न्यायाचे नाही. पुढच्याच वर्षी, मार्च १९१८ मध्ये, मुंबईस भरलेल्या अखिल भारतीय अस्पृश्यता निवारण परिषदेचे अध्यक्षपद त्यांनी स्वीकारले. त्यांच्या हेतूविषयी शंका घेण्यास जागा नाही. पण हेतू चांगला असूनही असे का व्हावे, हा प्रश्न टाळता येत नाही. माझ्या मते त्याचे उत्तर असे आहे. राज्याची सत्ता खजिना, कायदा आणि कचेरी यांच्यापर्यंत पोचते. घराचा उंबरठा ही समाजाची सत्ता आहे. सयाजीरावांनी खजिना उघडला, कायदा बदलला, कचेरीत खुर्ची दिली. शहरातल्या कोणाही गृहस्थाला, मग तो हिंदू असो, पारशी असो वा ख्रिस्ती, आपले दार उघडण्यास त्यांनी भाग पाडले नाही आणि कदाचित त्यांना ते शक्यही नव्हते. कचेरीतसुद्धा शिपाई दुरूनच कागद टाकीत, असे चरित्रकारांनी लिहिले आहे. ज्या जातिव्यवस्थेने राजालाही सोडले नव्हते ती शिपायाच्या हातातून एका हुकुमाने कशी निघून जाणार? मराठा राजांना वेदोक्ताचा अधिकार आहे काय, असा वाद पुरोहितांनी बडोद्यात घातला आणि कोल्हापुरातही घातला. सिंहासनावर बसलेल्याला शूद्र म्हणणारी व्यवस्था जमिनीवर बसलेल्याला काय म्हणत असेल, याची कल्पना या दोन्ही राजांना आली. म्हणूनच त्यांच्या हातून इतरांपेक्षा अधिक झाले.

कोल्हापूरचे नाव आले म्हणून एक तुलना करतो. ती कोणाला लहान ठरविण्यासाठी नाही. छत्रपती शाहू महाराजांनी १९०१ पासून कोल्हापुरात जातीजातींच्या मुलांसाठी वसतिगृहांची रांग उभी केली. अस्पृश्य मुलांसाठी मिस क्लार्क वसतिगृह १९०८ मध्ये निघाले. खेड्यातून आलेल्या मुलाची पहिली अडचण शुल्काची नसते, रात्री पाठ टेकावयास जागेची असते, हे शाहू महाराजांनी ओळखले होते. १९०२ मध्ये त्यांनी राज्याच्या नोकऱ्यांत मागासवर्गीयांसाठी पन्नास टक्के जागा राखून ठेवल्या. १९२० मध्ये माणगावच्या परिषदेत ते बाबासाहेबांच्या शेजारी बसले आणि ‘मूकनायक’ला त्यांनी आर्थिक साहाय्य केले. बडोद्याने पुस्तक दिले आणि परदेशाची वाट दिली. कोल्हापूरने छप्पर आणि पंगत दिली. शिक्षणाला दोन्ही लागतात. पुस्तक असून छप्पर नसेल तर काय होते, ते कामाठी बागेने आपल्याला दाखविले आहे.

या इतिहासाचा उपयोग करताना आपल्याकडे दोन चुकीचे सूर ऐकू येतात. पहिला सूर असा की, सयाजीरावांनी बाबासाहेबांना घडविले. हे म्हणणे वरवर कृतज्ञतेचे वाटते, पण त्यात एका माणसाची अफाट मेहनत दुसऱ्याच्या दानात जिरवून टाकली जाते. शिष्यवृत्ती अनेकांना मिळाली. कोलंबियाच्या ग्रंथालयात उघडल्यापासून बंद होईपर्यंत बसून राहणारे आणि उपाशीपोटी पुस्तके विकत घेणारे बाबासाहेब एकच होते. शिवाय शिष्यवृत्तीचा पैसा राजाच्या खिशातला असला तरी त्याचे मूळ रयतेच्या महसुलात होते. त्या रयतेत गावकुसाबाहेर राबणारेही होते. म्हणून ते दान कमी आणि परतफेड अधिक होती. सयाजीरावांनाही आपण राज्याचे विश्वस्त आहोत हीच भाषा आवडे.

दुसरा सूर याच्या उलट. राजांनी जे केले ते स्वार्थासाठी केले, आपल्यावर कोणाचेही उपकार नाहीत, असे म्हणून हा सूर सगळे पुसून टाकतो. या सुरात स्वाभिमान आहे आणि त्याची कारणेही आहेत. परंतु केलेले जाणणे हा बुद्धाच्या शिकवणीत दुर्बलतेचा नव्हे, सज्जनतेचा गुण मानला आहे. केलेले जाणणारा आणि ते बोलून दाखविणारा माणूस विरळा, असे तथागतांचे मत होते. बाबासाहेबांनी केळुसकर गुरुजींचे आणि त्या ग्रंथमालेचे नाव आयुष्याच्या शेवटच्या वर्षी लिहून ठेवले. कामाठी बागेची आठवणही त्यांनी लिहून ठेवली. ऋण आणि जखम दोन्हींची नोंद एकाच हाताने झाली आहे. एकाने दुसरे खोडले नाही. इतिहासाकडे पाहण्याची हीच रीत आपण आपल्या विद्यार्थ्यांना शिकवावी.

बडोद्याचे राज्य १९४९ मध्ये मुंबई प्रांतात विलीन झाले. राजदंड गेला. उरले काय? सयाजीरावांच्या नावाचे विद्यापीठ, मध्यवर्ती ग्रंथालय, प्राच्यविद्येच्या ग्रंथांची माला आणि १९०८ मध्ये स्थापन झालेली बँक. आपल्या दृष्टीने त्यातली मोलाची एक खूण साताऱ्यात आहे. कर्मवीर भाऊराव पाटील यांनी १९४० मध्ये महाराजा सयाजीराव यांच्या नावाने मोफत निवासी माध्यमिक शाळा काढली. राजा निवर्तून एक वर्ष झाले होते आणि त्याचे नाव एका शेतकऱ्याच्या मुलांच्या शाळेला लागले. घराण्याचे खरे वारस कोण, याचे उत्तर त्या पाटीवर आहे. ज्यांच्या अंगात त्या घराण्याचे रक्त नाही, पण ज्यांनी तो विचार पुढे नेला, ते वारस.

त्याआधीच, १९२५ मध्ये, बाबासाहेबांच्या बहिष्कृत हितकारिणी सभेने सोलापुरात विद्यार्थ्यांसाठी वसतिगृह सुरू केले होते. ज्याला एका राजधानीत खोली मिळाली नाही, त्याने संघटना हाती येताच आरंभीच्या कामांतच मुलांसाठी खोल्या केल्या. पुढे १९४५ मध्ये पीपल्स एज्युकेशन सोसायटी स्थापन झाली, १९४६ मध्ये मुंबईत सिद्धार्थ महाविद्यालय आणि १९५० मध्ये औरंगाबादेत मिलिंद महाविद्यालय उभे राहिले. राजाच्या मर्जीवर असलेली गोष्ट समाजाने आपल्या हाती घेतली. आपली ही निवासी शाळा त्याच परंपरेतली आहे. तिच्या भोजनगृहात कोण कोणाच्या शेजारी बसतो याची विचारपूस होत नाही. मुले एकाच पाण्याच्या भांड्यातून पाणी पितात आणि एकमेकांची अंथरुणे घालतात. ज्यांना ही गोष्ट क्षुल्लक वाटते त्यांनी १९१७ च्या त्या संध्याकाळची आठवण करावी. राजाला जे शंभर फर्मानांनी जमले नाही ते इथे रोज रात्री आठ वाजता घडते.

पण समाधान मानून थांबावे अशी स्थिती नाही. या शाळेतून दहावी, बारावी होऊन मुले पुणे, मुंबई, नागपूर, छत्रपती संभाजीनगर येथे शिकावयास जातात. तिथे खोली पाहावयास गेलेल्या मुलाला आधी नाव विचारले जाते, मग आडनाव, मग गाव. मग घरमालकाला एकाएकी आठवते की खोली कालच दिली आहे. लाठ्या गेल्या, भाषा मऊ झाली, जिना तोच राहिला. सरकारी वसतिगृहांत जागा अपुऱ्या आहेत. स्वाधार योजनेसारखी मदत वेळेवर हाती येईलच याचा भरवसा नसतो आणि वर्ष मात्र कोणासाठी थांबत नाही. गुणवत्ता यादीत आलेला मुलगा केवळ राहण्याची सोय न झाल्याने गावी परततो, तेव्हा आपण बडोद्याचीच उणीव आपल्या काळात पुन्हा घडू देत असतो. आणि यावेळी दोष देण्यासाठी आपल्यासमोर राजाही नसतो.

म्हणून माजी विद्यार्थ्यांना माझी एक विनंती आहे. सयाजीरावांच्या करारात दहा वर्षांच्या सेवेची अट होती. या शाळेने आपल्याकडून तसा करार लिहून घेतला नाही. तो आपण आपल्या मनाशी करावा. शहरात ज्यांची घरे झाली आहेत त्यांनी पहिली दहा वर्षे या शाळेतून शहरात येणाऱ्या एका विद्यार्थ्यासाठी आपले दार उघडे ठेवावे. पूर्ण वर्ष शक्य नसेल तर प्रवेशाच्या धावपळीचा पहिला महिना तरी. ज्यांच्याकडे घर नाही त्यांनी तिघाचौघांनी मिळून एक खोली भाड्याने घेऊन ठेवावी आणि तिची किल्ली शाळेच्या कार्यालयात द्यावी. बडोद्याच्या फिरत्या ग्रंथपेटीसारखी एक पेटी दरवर्षी शाळेतून निघावी आणि त्या खोलीत पोचावी. पालकांनीही एक गोष्ट करावी. मुलगा शहरात शिकतो म्हणून मुलीला गावी ठेवू नये. सयाजीरावांच्या कायद्याने शतकापूर्वी मुलीलाही शाळेत बसविले होते. आपण त्याच्या मागे राहणे शोभणारे नाही. मुलींसाठी खोली सुरक्षित हवी, विश्वासाची हवी. ती माजी विद्यार्थिनींच्या घरांइतकी दुसरीकडे कोठे मिळणार?

हे काम मोठ्या देणग्यांचे नाही. त्याला समारंभ लागत नाही, कोनशिला लागत नाही. गालिचा विणण्यासाठी राजाचा खजिना लागतो. सतरंजी अंथरण्यासाठी घरातली सहा फूट जागा पुरते.

गायकवाडांच्या इतिहासातून आपण काय घ्यावे, असा प्रश्न कोणी विचारला तर त्याचे उत्तर मी दोन गोष्टींत देईन. एक पुस्तक, जे एका गुरुजींनी सोळा वर्षांच्या मुलाच्या हाती ठेवले. आणि एक खोली, जी त्याच मुलाला सव्विसाव्या वर्षी मिळाली नाही. पहिल्याचे ऋण आपल्यावर आहे. दुसऱ्याची भरपाई आपल्या हाती आहे. येत्या जूनमध्ये निकाल लागतील आणि आपली मुले पेट्या घेऊन शहरांच्या स्थानकांवर उतरतील. त्यांना उतरून घ्यावयास आपल्यापैकी कोणीतरी तिथे उभे असावे.